आपला रस्ता बजेटमध्ये आहे का आणि असला तर होणार कधी, हे घरबसल्या कसं शोधायचं

आमच्याकडच्या ओढ्यावरचा पूल सलग चार वर्षं बजेटच्या पुस्तकात होता. नाव बरोबर, तालुका बरोबर, बाब क्रमांक पण होता, आणि दरवर्षी मार्चमध्ये ग्रुपवर त्याचा फोटो फिरायचा की पूल मंजूर झाला म्हणून, आणि पावसाळ्यात पोरं कमरेएवढ्या पाण्यातून शाळेत जायची. चौथ्या वर्षी मी ते पान नीट वाचलं तेव्हा कळलं की पुलाची किंमत साडेतीन कोटी आणि त्या वर्षाची तरतूद एक लाख. एक लाखात पुलाच्या पायाचं खोदकाम पण होत नाही. म्हणजे मंजूर हा शब्द खरा होता, फक्त त्याच्यामागे पैसा नव्हता. त्यानंतर मी ही पुस्तकं वाचायला शिकलो, आणि ते अजिबात अवघड नाहीये, मोबाईलवर होतं, तेच इथे लिहितोय. सगळं महाराष्ट्राबद्दल आहे, दुसऱ्या राज्यात खात्यांची नावं नि साईट वेगळ्या असतील.

सगळ्यात आधी रस्ता कोणाचा ते ठरवा, कारण नव्वद टक्के लोक इथेच चुकतात आणि चुकीच्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवत बसतात. रस्त्यांचे प्रकार ठरलेले आहेत, राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग. कागदावर हे कायम आखूड करून लिहिलेलं असतं, रामा, प्रजिमा, इजिमा, ग्रामा, आणि पुढे नंबर. रामा आणि प्रजिमा म्हणजे सार्वजनिक बांधकाम विभाग, म्हणजे आपलं पीडब्ल्यूडी. इजिमा आणि ग्रामा म्हणजे जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग. शहरातला रस्ता नगरपरिषदेचा किंवा महापालिकेचा. कडेचा किलोमीटरचा दगड बघितला तरी अंदाज येतो, वरचा भाग पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग, नारिंगी म्हणजे गावाकडचा ग्रामसडक योजनेतला रस्ता. पण दगडावर पूर्ण भरवसा ठेवू नका, रस्त्याचा दर्जा मध्येच वाढवतात, ग्रामीणचा प्रजिमा होतो आणि दगड जुनाच राहतो. उपविभागाच्या ऑफिसात जाऊन शाखा अभियंत्याला नंबर विचारा, तो तोंडपाठ सांगतो.

नंबर हातात असला पाहिजे याचं कारण असं की पुस्तकात रस्त्याचं नाव आपण बोलतो तसं नसतं. आपण म्हणतो बाजाराचा रस्ता आणि तिथे लिहिलेलं असतं अमुक ते तमुक ते तालुका सरहद्द रस्ता, प्रजिमा इतका, किमी १२/४०० ते १८/००० मध्ये रुंदीकरणासह सुधारणा करणे. ते किमी १२/४०० म्हणजे साखळी क्रमांक, बारा किलोमीटर चारशे मीटरपासून. हे बारकाईनं बघा, कारण रस्ता तुमचाच असतो पण मंजूर झालेला तुकडा दुसऱ्या गावाच्या हद्दीतला निघतो, आणि हे खूपदा होतं.

आता पुस्तक. बजेट म्हटलं की आपल्याला अर्थमंत्र्यांचं भाषण आठवतं पण भाषणात रस्ता शोधू नका, भाषणात मोठी नावं असतात. भाषणासोबत विधिमंडळात जी जाडजूड प्रकाशनं ठेवतात त्यात खरा माल असतो, आणि ती सगळी वित्त विभागाच्या बीम्स नावाच्या साईटवर मराठीतून पीडीएफमध्ये मिळतात. बीम्स ही निधी वाटपाची सरकारी प्रणाली आहे, महाकोषच्या साईटचाच भाग, लॉगिन न करता पण तिथली बरीच माहिती उघडते. तिथे प्रत्येक विभागाचं वेगळं पुस्तक असतं आणि प्रत्येक विभागाला एक इंग्रजी अक्षर दिलेलं असतं, सार्वजनिक बांधकामला एच, गृहला बी, नगरविकासला एफ, ग्रामविकासला एल, नियोजनला ओ. तर रस्त्यासाठी एच उघडा.

उघडल्यावर घाबरू नका, आकड्यांच्या भिंती दिसतील. चार रकाने समजले की झालं. पहिला दोन वर्षांपूर्वी प्रत्यक्ष झालेला खर्च, दुसरा चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, तिसरा चालू वर्षाचाच सुधारित अंदाज, चौथा येणाऱ्या वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज. लोक फक्त चौथा बघतात आणि खूश होतात, मी सांगतो आधी पहिला बघा, कारण तेवढा एकच खराखुरा झालेला खर्च आहे, बाकी सगळे अंदाज. पानाच्या वर कोपऱ्यात आकडे कशात दिलेत ते लिहिलेलं असतं, हजारात का लाखात का कोटीत. हजारात असेल आणि समोर १,५०,००० दिसलं तर ते पंधरा कोटी होतात. ही चूक मी स्वतः केलीये, दीड लाख समजून तक्रार लिहून बसलो होतो, म्हणून सांगतो, पेनानं कडेला लिहून ठेवा.

मग येतात लेखाशीर्षं, चार आकडी नंबर, आणि हे कळले की अर्धं काम होतं. ३०५४ म्हणजे रस्ते व पूल, महसुली खर्च, म्हणजे खड्डे बुजवणं, डागडुजी, देखभाल. ५०५४ म्हणजे रस्ते व पूल यांवरचा भांडवली खर्च, म्हणजे नवा रस्ता, रुंदीकरण, नवा पूल, ज्यातून नवी मालमत्ता उभी राहते. यातली गंमत लक्षात ठेवायला सोपी आहे, १ नं सुरू झालं तर त्यातून येणारं उत्पन्न, ३ नं सुरू झालं तर रोजचा खर्च, ५ नं भांडवली, ७ नं दिलेली कर्जं, शेवटचे तीन आकडे तेच राहतात. म्हणून १०५४, ३०५४, ५०५४. तसंच ५०५५ म्हणजे रस्ते परिवहनावरचा भांडवली खर्च, एसटी महामंडळाला सरकार भांडवल देतं ते इथे. ५०५१ बंदरं, ५०५३ विमान वाहतूक. ५०५४ च्या आत परत भाग आहेत, ०३ म्हणजे राज्य महामार्ग, ०४ म्हणजे जिल्हा व इतर रस्ते, आणि त्याच्याखाली १०१ पूल, ३३७ रस्त्यांची कामं. तुमचा प्रजिमा असेल तर ५०५४ (०४) मध्ये शोधायचा, एवढं सोपं आहे.

हा भांडवली नि महसुली फरक नुसता हिशेबनीसांचा नाहीये हं. संविधानाच्या २०२ कलमातच म्हटलंय की महसुली खर्च बाकीच्या खर्चापासून वेगळा दाखवला पाहिजे. आणि तुम्हाला पण याचा उपयोग आहे, कारण खड्ड्यांसाठी निवेदन दिलं आणि त्यात रस्ता नवीन करा असं लिहिलं तर ते कागद ५०५४ च्या रांगेत जातात जिथे वर्षं लागतात, आणि खड्डे बुजवायचे पैसे ३०५४ मधून लवकर मिळू शकले असते. दोन वेगळी निवेदनं द्या. एकंदर राज्याच्या खर्चात भांडवली भाग किती लहान असतो ते पण माहीत असावं, २०२५-२६ चं बजेट ७ लाख २० कोटींचं होतं, त्यात महसुली खर्च ६ लाख ६ हजार ८५५ कोटी, उरलेला भांडवली ९३ हजार कोटींच्या आसपास. रुपयातले तेरा पैसे. धरणं, इमारती, रस्ते, मेट्रो, सगळे त्या तेरा पैशांवर टपलेले, त्यात आपला पूल. म्हणून नुसती मागणी करून भागत नाही, रांगेत आपण कुठे उभे आहोत ते कळलं पाहिजे.

रांगेतली जागा कशी काढायची तो हिशेब आता सांगतो, बाकी काही विसरलात तरी चालेल पण हा विसरू नका. बांधकाम विभागाच्या प्रकाशनात कामांची जिल्हावार यादी असते, प्रत्येक कामापुढे अंदाजित किंमत, आतापर्यंत झालेला खर्च, आणि येणाऱ्या वर्षाची तरतूद. अंदाजित किमतीतून झालेला खर्च वजा करा, जी राहील ती उर्वरित किंमत. तिला या वर्षाच्या तरतुदीनं भागा. जे उत्तर येईल तितकी वर्षं. समजा काम १२ कोटींचं आहे, खर्च शून्य, तरतूद ६० लाख, तर उत्तर वीस. वीस वर्षं कोणी वाट बघत नाही हे सरकारला पण माहीत आहे, मग होतं असं की ठेकेदार काम घेतो, थोडं करतो, बिल थकतं, काम थांबतं, आणि अर्धवट खोदलेल्या रस्त्यावर आपण पडतो. उत्तर दोन-तीनच्या आत आलं तर काम खरंच होण्याच्या मार्गावर आहे असं मी समजतो. पाचच्या वर गेलं तर नाव फक्त यादीत राहावं म्हणून ठेवलंय. आणि तरतूद अगदी एक हजार किंवा एक लाख असली तर तिला लाक्षणिक तरतूद म्हणतात, ती फक्त दार उघडं ठेवायला असते, म्हणजे पुढे पुरवणी मागणीतून (वर्षाच्या मध्येच सरकार विधिमंडळाकडे जादा पैसे मागतं ती) किंवा दुसरीकडून वळवून पैसे टाकता येतात. लाक्षणिक म्हणजे वाईटच असं नाही, पण तिला मंजुरी म्हणून नाचायचं पण कारण नाही.

एका कामाचा हिशेब झाला की तोच हिशेब अख्ख्या तालुक्याचा किंवा जिल्ह्याचा करा. सगळ्या चालू कामांची उर्वरित किंमत बेरीज करा आणि सगळ्या तरतुदींची बेरीज करा आणि भागा. एक्सेलमध्ये अर्ध्या तासाचं काम आहे. हे उत्तर मोठं निघत असेल आणि तरीही दरवर्षी नवीन कामं घुसवत असतील तर समजायचं की दायित्व, म्हणजे सरकारच्या डोक्यावरचं देणं, वाढतंय, सगळ्यांना थोडं थोडं वाटलं जातंय आणि कुणाचंच पुरं होत नाहीये. २०२५ मध्ये ठेकेदारांच्या संघटनांनी थकलेल्या बिलांसाठी राज्यभर आंदोलनं केली त्याच्यामागे हेच गणित आहे, तरतुदीपेक्षा कितीतरी जास्त किमतीची कामं हातात घेतलेली. आमदारांना नवीन काम आणल्याचं नारळ फोडायला मिळतं, जुनं काम पूर्ण केल्याचं मिळत नाही, आणि मला मनापासून वाटतं की गावानंच आता उलटं मागायला शिकलं पाहिजे, नवीन नको, आधीचं पुरं करा.

तरतूद बघितली म्हणजे पैसा आला असं नाही, हे पण नीट समजून घ्या. तरतूद म्हणजे विधिमंडळानं दिलेली परवानगी, त्यानंतर वित्त विभाग टप्प्याटप्प्यानं निधी सोडतो, तो बीम्सवर टाकला जातो, मग मुख्य अभियंता, अधीक्षक अभियंता करत कार्यकारी अभियंत्याकडे येतो, तेव्हा बिल निघतं. मध्येच कात्री लागू शकते. कोविडच्या वर्षी ४ मे २०२० ला वित्त विभागानं शासन निर्णय काढून बजेटमधला फक्त ३३ टक्केच निधी मिळणार आणि नवी कामं सुरू करायची नाहीत असं सांगितलं, पुस्तकात आकडे तसेच छापलेले राहिले. बीम्सवर लेखाशीर्ष टाकून तरतूद किती, वितरित किती, खर्च किती हे बघता येतं. डिसेंबरपर्यंत वितरण निम्म्याच्या खाली असेल तर मार्चला धावपळ होणार, आणि ३१ मार्चला जे खर्च होत नाही ते व्यपगत होतं म्हणजे बुडतं, नाहीतर त्याआधीच समर्पित केलं म्हणजे परत दिलं जातं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात डांबर टाकताना दिसतात ना, ते म्हणूनच.

उलट बाजूनं पैसा वाढू पण शकतो. पुरवणी मागण्या वर्षातून साधारण तीनदा येतात, पावसाळी अधिवेशनात, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात आणि बजेट अधिवेशनात. आणि त्या किरकोळ नसतात, २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात ५७ हजार ५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या मांडल्या होत्या. मार्चच्या पुस्तकात आपलं काम नसेल तर पुरवणी मागण्यांचं पुस्तक बघायला विसरू नका, त्यात एचच्या पानांवर रस्त्यांच्या लांबच लांब याद्या असतात. निवडणुकीच्या वर्षी आधी लेखानुदान, म्हणजे थोड्या महिन्यांपुरती खर्चाची परवानगी, आणि मग पूर्ण बजेट येतं, २०२४ मध्ये फेब्रुवारीत अंतरिम आणि २८ जूनला पूर्ण बजेट मांडलं होतं, तर त्या वर्षी कुठलं पुस्तक हातात आहे ते आधी बघा.

यापुढचा माग कागदांचा. काम बजेटमध्ये आलं की प्रशासकीय मान्यता लागते, मग तांत्रिक मान्यता, मग निविदा, मग कार्यारंभ आदेश. मोठ्या कामांच्या प्रशासकीय मान्यतेचे शासन निर्णय सरकारच्या जीआरच्या साईटवर विभाग आणि तारीख टाकून सापडतात, मराठीत रस्त्याच्या गावाचं नाव टाकून बघा, नाही सापडलं तर शब्द बदलून बघा, सुधारणा करणे, रुंदीकरण, मोठ्या पुलाचे बांधकाम असे. निविदा महाटेंडर्स या सरकारी निविदांच्या साईटवर. कार्यारंभ आदेशात तीन गोष्टी मुद्दाम बघायच्या, कामाची मुदत किती महिने, निविदा किंमत किती, आणि दोषदायित्व कालावधी किती. शेवटचं फार महत्त्वाचं आहे, ज्याला डीएलपी म्हणतात, त्या काळात रस्ता उखडला तर ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायचा असतो, आणि मी कितीतरी ठिकाणी बघितलंय की तो काळ चालू असताना लोक खड्ड्यांसाठी नव्या निधीची मागणी करत असतात. त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. कामाचा फलक रस्त्याच्या कडेला लावलेला असतो त्याचा फोटो काम चालू असतानाच काढून ठेवा, नंतर तो फलक राहत नाही.

जिल्हा परिषदेच्या रस्त्यांचं थोडं वेगळं. तिथे मुख्य पैसा जिल्हा नियोजन समितीतून, म्हणजे डीपीसीतून येतो, तिचे अध्यक्ष पालकमंत्री. २०२५-२६ ला सगळ्या राज्यासाठी जिल्हा वार्षिक योजना २० हजार १६५ कोटींची होती. जिल्हा परिषदेत पण ३०५४ आणि ५०५४ ह्याच नावांनी निधी ओळखतात, आणि २५१५ म्हणून जो ऐकू येतो तो गावांतर्गत मूलभूत सुविधांचा, लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या कामांचा, काँक्रीट गल्ल्या वगैरे त्यातून होतात. समितीच्या बैठकीचं इतिवृत्त मागून घ्या. नगरपरिषदेला सरकार जे अनुदान देतं ते हिशेबात महसुली धरलं जातं, त्यातून पक्का रस्ता झाला तरी, कारण मालमत्ता सरकारची नसून नगरपरिषदेची होते, म्हणून शहरातला रस्ता ५०५४ मध्ये सापडला नाही तर आश्चर्य नको.

कधीकधी पैसा राज्याच्या पुस्तकातून जातो पण मुळात बाहेरचा असतो, ते नाव वाचून कळतं. नाबार्ड असं लिहिलेलं असेल तर आरआयडीएफचं म्हणजे ग्रामीण पायाभूत सुविधा निधीचं कर्ज, ही योजना १९९५-९६ पासून चालू आहे आणि गावाकडचे कितीतरी पूल तिच्यातून झालेत. सीआरआयएफ म्हणजे केंद्राचा रस्ते निधी. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत केंद्र ६० राज्य ४०. आणि २०२०-२१ पासून केंद्र राज्यांना भांडवली कामांसाठी पन्नास वर्षांचं बिनव्याजी कर्ज देतं ते पण यातच मिसळतं. अशा कामांना एक फायदा असतो, नाबार्डचं काम सहसा मध्येच अनाथ होत नाही कारण कर्जाचा हिशेब द्यायचा असतो. पर्याय असेल तर पुलासाठी नाबार्डमध्ये नाव घालायचा आग्रह धरा असं मी सगळ्यांना सांगतो.

मोठे प्रकल्प मात्र या पुस्तकात शोधून सापडत नाहीत आणि लोक गोंधळतात. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर, नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला, पण हा रस्ता एमएसआरडीसीनं म्हणजे रस्ते विकास महामंडळानं बांधला, त्यात बँकांची कर्जं आहेत, सिडको म्हाडा एमएमआरडीए अशा दुसऱ्या सरकारी संस्थांचे पैसे आहेत, आणि टोलमधून वसुली. तो खर्च ५०५४ मध्ये दिसणार नाही, सरकारनं दिलेलं भागभांडवल किंवा घेतलेली हमी तेवढी दिसेल. अटल सेतू एमएमआरडीएचा, जपानच्या जायकाच्या कर्जातून. मेट्रोचा राज्याचा हिस्सा नगरविकासच्या एफ पुस्तकात भागभांडवल आणि दुय्यम कर्ज म्हणून येतो. म्हणून मोठा प्रकल्प बघताना तीन कागद एकत्र ठेवा, विभागाचं पुस्तक, महामंडळाचा वार्षिक अहवाल, आणि बजेटसोबतचं सरकारनं दिलेल्या हम्यांचं विवरण. महामंडळानं कर्ज फेडलं नाही तर ते शेवटी राज्याच्याच अंगावर येतं, त्यामुळे आपल्या पुलाच्या रांगेवर त्याचा परिणाम होतोच. हायब्रीड ॲन्युइटीचे रस्ते पण असेच, काही पैसे काम चालू असताना आणि उरलेले पुढची बरीच वर्षं हप्त्यानं, ते हप्ते आधी द्यावे लागतात आणि मग नव्या कामाला काय उरतं ते.

रेल्वे केंद्राची असली तरी काही मार्गांत राज्याचा हिस्सा असतो. अहिल्यानगर बीड परळी २६१ किलोमीटर, यात निम्मा खर्च राज्याचा, बीडकरांनी दशकानुदशकं वाट बघितली आणि १७ सप्टेंबर २०२५ ला बीडला गाडी आली. वर्धा यवतमाळ नांदेड २८४ किलोमीटर, त्यात राज्याचा ४० टक्के. हा हिस्सा गृह विभागाच्या परिवहन भागाकडून जातो, म्हणजे बी पुस्तक, आणि हप्ता सोडल्याचे शासन निर्णय पण गृह विभागाखाली शोधायचे. एसटीचं लवकर सांगतो, नवीन बस आणि बसस्थानकासाठी दिलेला पैसा भांडवली, महिलांच्या अर्ध्या तिकिटाची भरपाई महसुली, तर एसटीला एवढे कोटी दिले असं ऐकलं की आधी विचारा कशासाठी.

आता विभागांचा प्रश्न, विदर्भ मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. ही तुलना करायची असेल तर भावनेनं नको, आकड्यांनी करा. १९८३ मध्ये वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली होती तिनं रस्त्यांसकट वेगवेगळ्या क्षेत्रांचा अनुशेष मोजला, पुढे संविधानाच्या ३७१(२) कलमाखाली १९९४ ला तीन विकास मंडळं झाली आणि राज्यपाल निधी वाटपाचे निर्देश द्यायला लागले, त्या मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. तुम्ही तुमच्या जिल्ह्यासाठी करू शकता ते असं, ५०५४ ची जिल्हावार तरतूद घ्या, तिला रामा आणि प्रजिमाच्या एकूण किलोमीटरनं भागा, शेजारच्या जिल्ह्याचं पण काढा. लोकसंख्येनं भागून पण बघा, दोन्ही उत्तरं वेगळी येतात आणि दोन्ही सांगायला पाहिजेत, आपल्याला सोयीचं तेवढंच सांगितलं तर समोरचा अधिकारी दुसरं काढून दाखवतो आणि मग आपलं ऐकत नाही. एका वर्षाच्या आकड्यावर जाऊ नका, पाच वर्षं घ्या, आणि तरतूद नको, प्रत्यक्ष खर्चाचा रकाना घ्या. महालेखापालांचे वित्त लेखे पण बघा, त्यात अपूर्ण भांडवली कामांची यादी जोडलेली असते, कधी सुरू झालं, कधी पूर्ण व्हायचं होतं, किती खर्च झाला. तुमच्या तालुक्याचं काम त्यात सापडलं तर तो कागद निवेदनाला जोडा, त्याला कोणी नाही म्हणू शकत नाही.

जे साईटवर मिळत नाही ते माहिती अधिकारात मागा. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, जोडपत्र अ, किंवा राज्याच्या आरटीआय ऑनलाईन साईटवर. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, नाहीतर तेवढ्याच कारणानं परत येतो. कार्यकारी अभियंत्यांच्या ऑफिसच्या जन माहिती अधिकाऱ्याला करायचा. काय मागायचं ते नेमकं लिहा, रस्त्याची माहिती द्या असं लिहिलंत तर काहीच येणार नाही. मी असं मागतो, प्रजिमा क्रमांक इतका, किमी अमुक ते अमुक, या कामाच्या प्रशासकीय मान्यतेची, तांत्रिक मान्यतेची, अंदाजपत्रकाची, कार्यारंभ आदेशाची आणि मुदतवाढीच्या आदेशांची प्रत, मोजमाप पुस्तकाच्या नोंदींची प्रत, आजपर्यंत दिलेल्या आणि प्रलंबित देयकांची यादी रकमेसह. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, त्याला वीस रुपयांचं स्टॅम्प. एक गोष्ट फार कमी जणांना माहीत आहे, कायद्याच्या कलम २(ञ) मध्ये नुसते कागद नाही तर कामाची पाहणी आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घ्यायचा पण अधिकार आहे. डांबराच्या थराची जाडी अंदाजपत्रकात किती आणि रस्त्यावर किती, हे समोर उभं राहून मोजून घेता येतं.

मोजमाप पुस्तक, ज्याला सगळे एमबी म्हणतात, ते आलं की घाई करू नका. तारखा बघा. भर पावसाळ्यात डांबरीकरणाची नोंद दिसली तर पुढचं पान काळजीपूर्वक वाचा. दोन एमबीमध्ये तेच किलोमीटर परत आलेत का बघा, आणि मोऱ्यांची संख्या रस्त्यावर चालत जाऊन मोजा, मोरी म्हणजे रस्त्याखालून पाणी जायला केलेली नळी, ती मोजायला इंजिनीअर लागत नाही. आरोप करायच्या आधी एकदा उपअभियंत्याला भेटून विचारा, निम्म्या वेळा सरळ खुलासा मिळतो, नोंद नंतर केलेली असते किंवा वळण रस्त्याचं काम असतं. ती माणसं पण कमी माणसांत आणि कमी निधीत काम ओढत असतात, त्यातले काही मला स्वतःहून सांगायचे की अमुक मागा, लेखी मागितलंत तर आम्हाला वर लिहिता येईल.

वेळ पण साधावी लागते. पुढच्या वर्षाच्या बजेटचे प्रस्ताव दिवाळीच्या मागेपुढेच खालून वर जायला लागतात, फेब्रुवारीत निवेदन देऊन उपयोग नसतो तेव्हा आकडे ठरलेले असतात. निवेदनात नवीन काहीच मागू नका, एवढंच लिहा, बाब क्रमांक इतका, लेखाशीर्ष इतकं, अंदाजित किंमत इतकी, खर्च इतका, उर्वरित इतकी, गेल्या तीन वर्षांची तरतूद इतकी, या गतीनं इतकी वर्षं लागतील, तरी येत्या पुरवणी मागणीत इतकी तरतूद करावी. एक पान. एक प्रत कार्यकारी अभियंत्याला, एक आमदारांना, एक पालकमंत्र्यांच्या ऑफिसला, पोच घेऊन.

आमच्या पुलाचं तेच केलं. साडेतीन कोटी भागिले एक लाख, साडेतीनशे वर्षं, एवढं एक वाक्य ठळक अक्षरात लिहिलं होतं. हिवाळी अधिवेशनाच्या पुरवणीत ऐंशी लाख आले आणि पुढच्या मार्चच्या पुस्तकात दीड कोटी. सध्या दोन खांब उभे आहेत, तिसऱ्याचं सेंट्रिंग चालू आहे, उर्वरित किंमत एक कोटी वीस लाख, आणि यावेळची तरतूद किती येते ते बघायला मी बीम्सचं पान रोज उघडतो.